स्मॉलमाउथ बाससाठी पहिला फ्लाय रॉड: काय घ्यावं, काय तपासावं

अमेरिकेत किंवा कॅनडात राहून फ्लाय फिशिंग शिकायचं असेल, तर सुरुवात स्मॉलमाउथ बासपासून करावी. न्यू जर्सीतल्या एडिसनहून गाडीने तासाभरात डेलावेअर नदी गाठता येते. हॅरिसबर्गकरांना सस्क्वेहॅना शहरातच मिळते, वॉशिंग्टनच्या आसपास पोटोमॅक आणि शेनँडोआ आहेत, मिसिसागाहून ग्रँड नदी फार लांब नाही. या सगळ्या नद्यांत हा मासा आहे. उन्हाळ्यात तो मनापासून खातो, आणि गळाला लागला की पाण्याबाहेर उडी घेतो. शिकणाऱ्याला ट्राउट माशाइतकं नखरेलपणही सहन करावं लागत नाही.

कोकणात ज्यांनी गरी टाकून मासे गरवले आहेत, त्यांच्या हाताला माशाची ओढ ओळखीची असते. फेकण्याचं तंत्र मात्र इथे पूर्ण उलटं आहे. गरीला किंवा साध्या स्पिनिंग रॉडला टोकाशी शिसं किंवा आमिष असतं आणि ते वजन मागचा बारीक दोरा ओढून नेतं. फ्लाय म्हणजे गळावर पिसं आणि केस बांधून केलेलं खोटं भक्ष्य. तिला एवढं वजन नसतंच. फेकायची असते ती जाड, जड लाइन, आणि फ्लाय तिच्या मागोमाग जाते. म्हणून फ्लाय रॉडवर छापलेला आकडा माशाच्या वजनाचा नसतो, लाइनच्या वजनाचा असतो; त्यालाच वेट म्हणतात.

पहिला रॉड घेताना एवढी एक गोष्ट पक्की धरा: रॉड माशाकडे बघून निवडायचा नाही, फ्लायकडे बघून निवडायचा. दोन पौंडांचा बास ट्राउटच्या ५ वेट रॉडवरही आरामात बाहेर येतो. पण त्या बासला आवडणारा फुगीर पॉपर, म्हणजे पाण्यावर तरंगणारी फ्लाय, ५ वेटच्या लाइनने हवेत धड उलगडत नाही. नवशिक्याला वाटतं आपला हात वाईट आहे, आणि महिन्याभरात रॉड माळ्यावर जातो.

आधी फ्लाय बघा

नदीतला स्मॉलमाउथ बहुतेक वेळा १० ते १६ इंचांचा असतो. १८ इंचांचा चांगला, २० इंचांचा फोटो काढण्यासारखा. तो खातो मुख्यतः क्रेफिश (गोड्या पाण्यातले लहान शेवंडांसारखे प्राणी), लहान मासे, पाण्यातल्या किड्यांच्या मोठ्या अळ्या, आणि उन्हाळ्यात पृष्ठभागावर पडलेलं जवळजवळ काहीही. त्यामुळे त्याच्यासाठीच्या फ्लायही मोठ्या असतात.

पहिल्या डब्यात तीन प्रकार पुरतात. एक, क्लाउझर मिनो. सस्क्वेहॅनाकाठच्या मिडलटाउनमधल्या बॉब क्लाउझर यांनी १९८७ साली याच नदीतल्या स्मॉलमाउथसाठी हा बांधला. गळाच्या दांड्यावर डंबेलच्या आकाराचे धातूचे डोळे असल्यामुळे तो उलटा होऊन, गळाचं टोक वर ठेवून पोहतो आणि दगडांत कमी अडकतो. २, ४ आणि ६ नंबरच्या गळावर घ्या. नंबर जितका लहान तितका गळ मोठा, हे लक्षात असू द्या. दोन, वुली बगर, ४ ते ८ नंबर, काळा आणि ऑलिव्ह. हाही पेनसिल्वेनियातल्या रसेल ब्लेसिंग यांनी १९६७ मध्ये स्मॉलमाउथसाठीच बांधला होता. पुढे तो ट्राउटवाल्यांनी आपलासा केला. तीन, पॉपर, ४ आणि ६ नंबर, तोंड सपाट किंवा खोलगट असलेला. ओढला की तो बुडुक करून पाणी उडवतो.

आता या तिघांचा स्वभाव बघा. क्लाउझर जड आहे, तो लाइनला खाली खेचतो. पॉपर हलका पण फुगीर आहे, तो हवेला अडतो. ओला वुली बगर दोन्हींच्या मधला. या तिन्ही फ्लाय ४० फुटांवर नेऊन ठेवेल, तोच आपला रॉड.

६, ७ की ८

लाइनचं वेट ठरतं तिच्या पुढच्या ३० फुटांच्या वजनावरून आणि ते ग्रेनमध्ये मोजतात. अमेरिकेतल्या फ्लाय फिशिंग व्यापार संघटनेच्या मानकानुसार ५ वेटचे ३० फूट म्हणजे १४० ग्रेन, ६ वेटचे १६०, ७ वेटचे १८५ आणि ८ वेटचे २१० ग्रेन. ग्रॅममध्ये सांगायचं तर ५ वेट साधारण ९ ग्रॅम आणि ८ वेट साडेतेरा. ऐकायला हा फरक किरकोळ वाटतो, पण हवेत पॉपर उलटवताना याच चार-साडेचार ग्रॅमवर सगळं अवलंबून असतं.

नदीत उतरून किंवा लहान बोटीतून मासेमारी करणार असाल आणि एकच रॉड घ्यायचा असेल, तर आमचं उत्तर ७ वेट. ४ नंबरचा पॉपर तो वाऱ्यातही नेतो, जड क्लाउझर झेपतो, आणि १२ इंचांच्या माशाचीही मजा घालवत नाही. दुकानदार बरेचदा ६ वेट सुचवतो. सल्ला चुकीचा नाही. तुमची नदी लहान असेल, फ्लाय ६ आणि ८ नंबरच्याच वापरणार असाल, हाताला किंवा खांद्याला त्रास असेल, किंवा हाच रॉड अधूनमधून ट्राउटच्या मोठ्या फ्लायसाठीही काढायचा असेल, तर ६ घ्या. ८ वेट घ्यावा तो लेक ईरी किंवा लेक सेंट क्लेअरसारख्या मोठ्या, वाऱ्याच्या पाण्यासाठी, किंवा त्याच पाण्यात पाइक वा लार्जमाउथ बाससारख्या माशांच्याही मागे जायचं असेल तर. दिवसभर ८ वेट फेकला की नवशिक्याचं मनगट संध्याकाळी बोलायला लागतं, आणि दमलेला हात वाईट सवयी शिकतो.

घरात आधीच ५ वेट पडून असेल तर तो टाकून देऊ नका. ८ नंबरचा वुली बगर आणि लहान, निमुळत्या तोंडाचे स्लायडर घेऊन छोट्या ओढ्यांवर जा. फक्त त्यावर ४ नंबरचा पॉपर लावू नका.

लांबी, तुकडे आणि ताठरपणा

लांबी ९ फूट. यावर फार विचार करू नका. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहिल्यावर लाइन मागे पाण्याला लागू नये आणि प्रवाहावर पडलेली लाइन उचलून वरच्या बाजूला सरकवता यावी, यासाठी ती लांबी हवी. झाडी अगदी डोक्यावर आलेल्या ओढ्यांसाठी साडेआठ फूट चालतो. १० फुटी रॉड टोकाकडे जड लागतो. तो पहिला रॉड म्हणून नको.

तुकडे चार. ९ फुटी रॉडचा प्रत्येक तुकडा साधारण २८ इंचांचा होतो आणि नळी गाडीच्या डिकीत मावते. चार तुकड्यांचा रॉड कमी प्रतीचा असतो हा समज जुना झाला.

मॉडेल नंबर वाचायला शिका, म्हणजे सेकंडहँड घेतानाही फसगत होत नाही. काही कंपन्या ७९०-४ असं लिहितात, काही ९०७/४. दोन्हींचा अर्थ एकच: ७ वेट, ९ फूट ० इंच, ४ तुकडे. मुठीच्या वर दांड्यावर हे लिहिलेलं असतं. तिथला मजकूर पुसला गेला असेल आणि विकणारा नुसतं तोंडी सांगत असेल, तर तो रॉड घेऊ नका.

ताठरपणाला इथे ॲक्शन म्हणतात. फास्ट रॉड वरच्या तिसऱ्या हिश्शात वाकतो, मीडियम निम्म्यापर्यंत, स्लो मुठीपर्यंत. बाससाठी मीडियम-फास्ट निवडा. स्लो रॉड जड फ्लायखाली लुळा पडतो, हवेत लाइनला पडणारा वळसा, म्हणजे लूप, उघडा आणि मोठा होतो, वारा तो खातो. अतिफास्ट रॉडला वेळेचं भान अचूक लागतं. नवशिक्याला तो वाकतोय हे हाताला कळतच नाही. गंमत अशी की दुकानात नुसता हलवून बघितल्यावर ताठ रॉडच भारी वाटतो. लाइनशिवाय रॉड हलवून काहीही कळत नाही.

दुकानात हातात घेतल्यावर

पहिलं काम, जोड बघणं. तुकडे जोडताना खुणेचे ठिपके साधारण पाव वळण बाजूला ठेवा, आत सरकवा आणि हलकेच पिळत ठिपके एका रेषेत आणा. जोड घट्ट बसल्यावर वरचा तुकडा खालच्यावर थोडा वर थांबलेला दिसू शकतो. ती फट दोष नाही, झिजेसाठी ठेवलेली असते. पण रॉड हलक्या हाताने झटकल्यावर जोडातून टक टक आवाज आला, तर तो परत ठेवा. सैल जोडावर ताकद एका बाजूला येते आणि बाहेरच्या तुकड्याची कड फाटते.

मग कड्या मोजा. जुना ठोकताळा असा: जितके फूट तितक्या कड्या, शिवाय टोकाची एक. ९ फुटी रॉडवर ९ अधिक टोक. यापेक्षा कमी असल्या तर लाइन दोन कड्यांच्या मध्ये झोळ खाते आणि दांड्याला घासते. मुठीकडच्या पहिल्या एक-दोन मोठ्या कड्यांत चिनी मातीसारख्या कठीण वस्तूची रिंग असते. त्या रिंगेवरून नख किंवा कापसाचा बोळा फिरवा. कापूस अडकला तर बारीक तडा आहे, आणि तो तडा लाइनचा लेप सोलून काढेल.

मूठ कॉर्कची असते. कॉर्कला नैसर्गिक खळगे असतात, स्वस्त रॉडमध्ये ते तपकिरी पुट्टीने बुजवलेले दिसतात. थोडी पुट्टी चालते. दर इंचाला ठिगळं असतील तर एका मोसमात ती गळून पडतात. मुठीचा आकार फुल वेल्स निवडा, म्हणजे दोन्ही टोकांना फुगीर. पुढच्या फुगीर भागावर अंगठा टेकतो, जड फ्लाय फेकताना जोर तिथूनच जातो. ७ वेटला खालच्या टोकाशी एक-दीड इंचाचा फाइटिंग बट असला तर उत्तम. मासा ओढत असताना तो पोटाला टेकवता येतो आणि रील कपड्यांत अडकत नाही.

शेवटी तोल. रील आणि लाइन लावून रॉड तर्जनीवर ठेवा. मुठीच्या पुढच्या भागात कुठेतरी तो आडवा राहिला पाहिजे. टोक खाली झुकत असेल तर थोडं जड रील घ्या.

ब्रँडबद्दल थोडक्यात. ऑर्विस क्लिअरवॉटर, टेंपल फोर्क, इको, रेडिंग्टन यांच्या सुरुवातीच्या किंवा मधल्या श्रेणीतला कुठलाही ७ वेट पुरेसा आहे. वॉरंटी मात्र नीट वाचा, कारण पहिल्या दोन वर्षांत टोक मोडण्याची शक्यता बरीच असते. क्लिअरवॉटरला २५ वर्षांची हमी आहे. बऱ्याच कंपन्या चूक कोणाची हे न विचारता ठरावीक फी घेऊन तुकडा बदलून देतात. हे आश्वासन शंभर डॉलर महाग दांड्यापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

लाइन: पैसे इथे घाला

लाइन रॉडइतकीच महत्त्वाची आहे, आणि नवशिक्या नेमका इथेच हात आखडतो. १५० डॉलरचा रॉड आणि ८० डॉलरची योग्य लाइन ही जोडी ४०० डॉलरचा रॉड आणि २५ डॉलरच्या लाइनपेक्षा केव्हाही चांगली फेकते.

खोक्यावर डब्ल्यूएफ ७ एफ लिहिलेलं असावं: वजन पुढच्या भागात, ७ वेट, तरंगणारी. मग खोक्याच्या मागे लाइनचं चित्र असतं ते बघा. ट्राउटच्या लाइनचं टोक लांबच लांब निमुळतं होत जातं, कारण तिथे लहान फ्लाय अलगद पाण्यावर ठेवायची असते. बासच्या लाइनचं जाड अंग टोकाच्या अगदी जवळ येऊन झटकन निमुळतं होतं. तेच पॉपरला पुढे उलटवतं. नावात बास, बास बग किंवा स्मॉलमाउथ असं असेल तर घडण बहुधा हीच असते.

आता एक बारकावा. बासच्या पुष्कळ लाइन मुद्दाम मानकापेक्षा अर्धा ते दीड वेट जड केलेल्या असतात. खोक्यावर ७ लिहिलेलं असतं, पण ३० फुटांचं वजन २०० ग्रेनच्या पुढे. फास्ट रॉडवर हे छान चालतं, रॉड लवकर वाकतो आणि नवशिक्याला तो हाताला जाणवतो. पण तुमचा रॉड आधीच मऊ असेल आणि त्यावर अशी जड लाइन चढवली, तर तो चिखलात रुतल्यासारखा वाटतो. म्हणून खोक्यावरचे ग्रेन वाचा. मऊ रॉडला १८५च्या आसपास, ताठ रॉडला २०० ते २१५. दुकानदाराने ताठ रॉडसाठी एक वेट वरची साधी लाइन घ्या असं सांगितलं असेल आणि तुम्ही बासची जड लाइन निवडली असेल, तर दोन्ही उपाय एकदम करू नका.

आणखी एक फरक तापमानाचा. काही लाइन गरम पाण्यासाठी ताठ गाभ्यावर बनवतात. एप्रिलच्या थंड पाण्यात त्या स्प्रिंगसारख्या वेटोळ्या राहतात. थंड पाण्याच्या लाइन जुलैच्या उन्हात मऊ पडून कड्यांना चिकटतात. स्मॉलमाउथचा खरा मोसम पाणी ६० ते ७५ अंश फॅरनहाइट असतानाचा, म्हणून मध्यम तापमानाची लाइन घ्या. रंग उजळ असू द्या. माशाजवळ साडेसात-आठ फूट पारदर्शक लीडर, म्हणजे लाइन आणि फ्लाय यांच्यामधला बारीक दोरा, असतो; उजळ रंगाने मासा बिचकत नाही, आणि तुम्हाला मात्र लाइन कुठे आहे ते दिसतं.

बुडणारी लाइन पहिल्या वर्षी नको. खोल जायचं असेल तर जड क्लाउझर लावा आणि तो बुडेपर्यंत थांबा.

रील आणि लीडर

रीलवर फार खर्च करू नका. स्मॉलमाउथ दूरवर लाइन पळवत नाही; तो खाली दगडांकडे घुसतो नाहीतर वर उडतो. बहुतेक वेळा त्याला हाताने लाइन ओढूनच आणतात. ७/८ आकाराचं, मोठ्या गाभ्याचं, साध्या डिस्क ड्रॅगचं (लाइनला ब्रेक लावणाऱ्या चकत्यांचं) रील पुरे. एक तपासा: रील फिरवायचा दांडा डावीकडून उजवीकडे बदलता येतो का. उजव्या हाताने फेकणाऱ्याने डाव्या हाताने गुंडाळावं, म्हणजे मासा लागल्यावर रॉड या हातातून त्या हातात घ्यावा लागत नाही.

लीडर तयार मिळतो, बासचा, साडेसात फुटी, टोकाला १० ते १२ पौंडांचा. घरी बांधायचा असेल तर ३० पौंडांचा नायलॉन ४ फूट, २० पौंडांचा २ फूट आणि १२ पौंडांचा दीड फूट, ब्लड नॉटने जोडा. ओढण्याआधी गाठ थुंकीने ओली करा. कोरडी गाठ घासून तापते आणि तिथेच तुटते. पॉपरसाठी टिपेट, म्हणजे लीडरचं शेवटचं बारीक टोक, नायलॉनचंच हवं. फ्लुरोकार्बन बुडतं आणि पॉपरचं तोंड खाली ओढतं. ते क्लाउझरसाठी ठेवा. फ्लाय घट्ट गाठीऐवजी लहान मोकळ्या फासाने बांधा, ती जास्त हलते. ट्राउटचं बारीक ५एक्स टिपेट मोठ्या फ्लायवर वापरलं तर कास्ट करतानाच, म्हणजे फेकतानाच, पीळ पडून तुटतं. इथे जाडसर ०एक्स ते २एक्स हवं.

रील भरण्याचा क्रम

१. रीलचा दांडा योग्य बाजूला बसवा. हे आधी, नंतर केलं तर सगळी लाइन उलटी गुंडाळावी लागते.

२. २० पौंडी डॅक्रॉनचं बॅकिंग, म्हणजे लाइनच्या मागचा राखीव दोरा, आर्बर नॉटने गाभ्याला बांधा आणि ताण ठेवून ५० ते १०० यार्ड गुंडाळा. नेमकं किती हे रीलच्या माहितीपत्रकात लाइनच्या वेटनुसार दिलेलं असतं.

३. लाइनच्या एका टोकाला हे टोक रीलकडे अशी चिठ्ठी असते. ते टोक बॅकिंगला जोडा. उलटं जोडलं तर जाड अंग आत जातं आणि एक कास्ट नीट पडत नाही. नवीन लाइनबद्दलच्या अर्ध्या तक्रारींचं कारण हेच निघतं.

४. लाइन ज्या चकतीवर गुंडाळून आली आहे तिच्यावरून सरळ येऊ द्या. कोणीतरी चकतीच्या मधून पेन्सिल घालून धरावं, तुम्ही गुंडाळा. चकतीच्या बाजूने ओढून काढली तर प्रत्येक वेढ्याला एक पीळ पडतो.

५. भरल्यावर लाइन आणि रीलची कड यांत पाव इंच जागा राहायला हवी. कमी असेल तर थोडं बॅकिंग कमी करा.

६. लीडरचा फास लाइनच्या फासात घाला आणि ओढल्यावर दोन हात एकमेकांत गुंफल्यासारखा आकार येतो ना ते बघा. एक फास दुसऱ्याला गळफासासारखा आवळत असेल तर सोडवून पुन्हा करा, नाहीतर लाइनचा लेप कापला जातो.

७. लाइन कड्यांतून ओवताना बारीक टोक घेऊ नका. लाइन दुमडून तिचा फास ओवा. हातातून सुटली तरी खाली घसरत नाही.

गवतावरची चाचणी

बहुतेक चांगली दुकानं मागच्या अंगणात रॉड फेकून बघू देतात. टेप लावून ३०, ४० आणि ५० फुटांवर खुणा करा. लीडरच्या टोकाला आधी लोकरीचा रंगीत तुकडा बांधा. ३० फुटांवर चार-पाच कास्ट. रॉड स्वतःहून वाकून परत येतो असं जाणवलं पाहिजे. ढकलावं लागत असेल तर तो तुमच्यासाठी फार ताठ आहे. मग ४० फूट. स्मॉलमाउथचे बरेचसे मासे ३० ते ५० फुटांतच लागतात, त्यामुळे ७० फूट फेकणाऱ्या दुकानदाराचं कौतुक करा आणि खरेदी ४० फुटांवर ठरवा.

नंतर खरी परीक्षा. टोक तोडलेल्या गळाचा ४ नंबरचा पॉपर सोबत न्या आणि वाऱ्याकडे तोंड करून फेका. पॉपर लाइनच्या पुढे जाऊन पडला तर जोडी जमली. लाइनचं टोक पुढे आणि पॉपर मागे, ढिगाऱ्यात पडत असेल तर लाइन हलकी आहे किंवा लीडर लांब आहे. आधी लीडर दीड फूट कमी करून बघा. सगळ्यात शेवटी वीस मिनिटं सलग फेका. दोन रॉड सारखेच वाटत असतील तर वीस मिनिटांनी हात कमी दुखवणारा घ्या.

रॉड का मोडतात

माशाने मोडलेले रॉड फार कमी. गाडीचा दरवाजा, छताचा पंखा आणि खाली दिलेल्या गोष्टी जास्त मोडतात.

क्लाउझरचे धातूचे डोळे वेगात येऊन दांड्यावर आपटतात. वर ओरखडाही दिसत नाही, पण ग्रॅफाइटचे आतले धागे तुटलेले असतात. मग पुढच्या आठवड्यात साध्या कास्टमध्ये रॉड तडकतो आणि लोक कंपनीला दोष देतात. उपाय: जड फ्लायला लूप मुद्दाम मोठा ठेवा, बॅककास्ट (मागची फेक) आडवा बाजूने न्या आणि फॉरवर्ड कास्ट डोक्यावरून आणा, म्हणजे फ्लाय अंडाकृती वाटेने जाते. मागे लाइन पूर्ण उलगडेपर्यंत थांबा. पाण्यावर न टेकवता हवेतच केलेले खोटे कास्ट दोनच. टोपी आणि चष्मा घातल्याशिवाय हा क्लाउझर फेकूच नका.

फ्लाय दगडात अडकली की रॉड वर करून हिसके देऊ नका. रॉडचं टोक सरळ फ्लायकडे धरा, लाइन हाताने पकडा आणि मागे सरका. टिपेट तुटेल, रॉड वाचेल.

मासा जाळ्यात घेताना रॉड डोक्यामागे उभा नेला की सगळा बाक टोकाच्या सहा-आठ इंचांत येतो. हात लांब करा, रॉड बाजूला झुकवा, मासा जाळ्यावर आणा.

मासा लागल्यावरची पहिली हालचालही इथेच सांगायला हवी. ट्राउटसारखा रॉड वर उचलू नका. टोक खाली, पाण्याजवळ ठेवून लाइन हाताने जोरात मागे ओढा. मासा चुकला तरी फ्लाय तिथेच राहते आणि तो पुन्हा घेतो. पॉपरवर पाणी उसळलं तरी क्षणभर थांबा, लाइनला ओढ जाणवली की मग ओढा.

पैसे आणि परवाना

पूर्ण संच साधारण ३०० ते ५०० डॉलरमध्ये व्यवस्थित बसतो: रॉड १५० ते २५०, रील ६० ते १००, लाइन ६० ते १००, वर थोडे लीडर आणि फ्लाय. तयार कॉम्बो स्वस्त पडतो, पण त्यातली लाइन बहुधा सर्वसाधारण घडणीची असते. विकत घेतानाच बासची लाइन बदलून मागा.

न्यू जर्सी आणि पेनसिल्वेनियात १६ वर्षांपासून पुढे मासेमारीचा परवाना लागतो. डेलावेअर नदी ज्या भागात या दोन राज्यांची सीमा आहे, तिथे दोन्हींपैकी एका राज्याचा परवाना चालतो. वसंतात बास अंडी घालतो त्या काळात मासा सोडून देण्याचे किंवा मासेमारी बंद ठेवण्याचे नियम बऱ्याच ठिकाणी आहेत; ते दर वर्षी राज्याच्या मत्स्यखात्याच्या संकेतस्थळावर बघून घ्या. घरट्यावर बसलेला नर उचलला की काही मिनिटांत इतर मासे अंडी खाऊन टाकतात, म्हणून नियम नसला तरी त्याला हात लावू नये. गळाच्या टोकामागची उलटी आकडी पक्कडीने दाबून सपाट करा, मासाही लवकर सुटतो आणि तुमचं बोटही.

घरी आल्यावर

रॉड ओला असताना नळीत बंद करू नका. अडकलेल्या वाफेने दांड्याच्या लेपावर फोड येतात आणि कॉर्कला बुरशी धरते. पुसा, रात्रभर उघडा ठेवा. लाइन दर चार-पाच खेपांनंतर कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुवा. डासांसाठी वापरतात त्या डीटच्या औषधाने लाइनचा लेप विरघळतो, त्यामुळे ते हाताच्या पाठीला लावा, तळव्याला नको.

जोड अडकला तर कड्यांना धरून पिळू नका, कड्या उखडतात. दोघांनी समोरासमोर उभं राहून प्रत्येकाने एक हात जोडाच्या वर आणि एक खाली धरावा, आणि सरळ ओढावं. एकटे असाल तर रॉड गुडघ्यांच्या मागे आडवा धरा, दोन्ही हात गुडघ्यांच्या बाहेरून जोडाच्या दोन बाजूंना, कोपर सरळ, आणि गुडघे हळूहळू फाकवा. तरी सुटला नाही तर आतला तुकडा बर्फाच्या पिशवीने पाच मिनिटं थंड करून पुन्हा ओढा. सुटल्यावर आतल्या तुकड्याला साधी मेणबत्ती घासून ठेवली की पुढच्या वेळी तो अडकत नाही आणि कास्ट करताना सैलही होत नाही.